एका श्रोत्याचं रेडिओ केंद्र

आईने पाण्याच्या भांड्यात भात कालवला, दोन घास खाल्ले आणि शांतपणे म्हणाली, "सदा, माझं परतीचं तिकीट काढ."

उल्काने, म्हणजे माझ्या बायकोने, ते भांडं गुपचूप उचललं. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, वरणाची वाटी डावीकडे होती."

"तेच सांगतेय," आई म्हणाली. "देवरुखला मला दिसत नसलं तरी माहीत असतं. इथे दिसतही नाही आणि माहीतही नाही."

आईच्या डोळ्यांचा मधला पडदा झिजलाय. कडेकडेचं थोडं दिसतं. समोरचा माणूस मात्र दिसत नाही. त्यामुळे ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघते, आणि मला सारखं वाटत राहतं की मागे कोणीतरी माझ्यापेक्षा महत्त्वाचं उभं आहे. डॉक्टर म्हणाले, आता एकटं ठेवू नका. म्हणून मार्चमध्ये तिला व्हिजिट व्हिसावर बहरीनला आणलं. बेत असा, की हळूहळू रुळेल, मग कायमचीच ठेवून घेऊ. तीन महिन्यांत ती फक्त हॉलमधल्या एका खुर्चीत रुळली. मी सकाळी सहाला सीफ भागातल्या टॉवरांचे एसी सांभाळायला बाहेर पडतो, उल्का डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर, पोरगी कश्मिरा शाळेत. आई खुर्चीत. संध्याकाळी येऊन बघावं तर त्याच खुर्चीत, त्याच बाजूला मान कललेली.

टीव्ही लावून देत होतो. "नुसती माणसं ओरडतात," ती म्हणायची, "कोण कोणाला का मारतंय ते कळत नाही." आणि एकदा म्हणाली, "पूर्वी रेडिओ बरा होता. सकाळी लावला की दिवस आपोआप पुढे सरकायचा."

हे वाक्य मी धरून ठेवलं. बुडणारा माणूस काडी धरतो, तिथे मला अख्खं लाकडी खोकं धरावंसं वाटलं. तिकीट काढलं, पण तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारचं. आईला सांगितलं, त्याआधी विमानात जागाच नाही. एक्क्याऐंशी वर्षांच्या आईशी खोटं बोललो आणि त्या शुक्रवारी रेडिओ घ्यायला बाहेर पडलो.

सोबत गुंडू होता. गुंडू आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, आजऱ्याचा, तालमीत वाढलेला. "साहेब, नवा घ्या की ओ," तो गाडी लावल्यापासून सांगत होता. पण मला आईच्या आठवणीतला रेडिओ हवा होता. बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्ल्यांत, सोन्याची आणि कापडाची दुकानं संपतात तिथे जुन्या वस्तूंचं एक दुकान सापडलं. त्यात लहान कपाटाएवढा, पितळी बटणांचा, जाळीवर सोनेरी कापड लावलेला रेडिओ.

"चालतो?" मी विचारलं.

"मफी मुश्किल," दुकानदार म्हणाला.

बहरीनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला कळायला हवं होतं, की 'काही अडचण नाही' याचा अर्थ 'अडचण माझी नाही' असा होतो. घरी आणून पाठीमागची फळी काढली तर आत एकही व्हॉल्व्ह नव्हता. कोण्या उंदराचा जुना संसार होता. आणि तळाशी, कप्प्यात अंथरतात तसा अंथरलेला, एका इंग्रजी साप्ताहिकाचा अंक होता. एकोणीसशे बावन्न साल. लंडनच्या रेडिओवर आठवडाभरात काय काय लागणार त्याची यादी. उंदराने सोमवार खाल्ला होता. मंगळवार शाबूत होता.

तो मंगळवार मी उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला, मग उल्काला वाचून दाखवला. सकाळी साडेसहाला मन प्रसन्न करणारं चार मिनिटांचं भाषण. मग बायकांसाठी कवायत, मग पुरुषांसाठी कवायत. जहाजांसाठी हवामान, समुद्राच्या एकेका तुकड्याचं नाव घेऊन. शाळांसाठी 'आपण झाड आहोत असं समजा' असा कार्यक्रम. कारखान्यातल्या कामगारांसाठी यंत्राच्या खडखडाटावर मात करणारं संगीत. गृहिणींसाठी मोजे कसे रफू करावेत. घुबडांच्या घरगुती आयुष्यावर दहा मिनिटं. माशी छताला उलटी कशी बसते यावर पाच विद्वानांची चर्चा. खुनाची मालिका, त्या मंगळवारी खुनी खिडकीपर्यंत पोचला होता. मग बातम्या, ऑर्केस्ट्रा, आणि शेवटी सगळ्यांना शुभरात्र. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, लोकांना साखर अजून रेशनवर मिळत होती, पण घुबडं कशी राहतात ते त्यांना कोणीतरी व्यवस्थित सांगत होतं.

"असा एक दिवस आईला द्यायचा," मी म्हटलं. "सकाळपासून रात्रीपर्यंत. मराठीत."

"बाबा," कश्मिरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "जस्ट प्ले हर अ पॉडकास्ट."

"पॉडकास्टमध्ये साडेसहा वाजत नाहीत."

"व्हॉट डज दॅट ईव्हन मीन?"

मलाही नीट सांगता आलं नसतं. पण आईला रोज साडेसहा वाजायला हवे होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

इथे मी पहिली चूक केली. ही गोष्ट सलीलला सांगितली. सलील एका बँकेत रिस्क विभागात आहे आणि आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह आहे. दोन्हीकडे त्याचं काम एकच, लोकांना थांबवणं. तो म्हणाला, "कल्पना छान आहे. पण घरगुती नको. नीट करू." दुसऱ्या दिवशी अकरा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, 'आकाशवाणी उपसमिती'. पहिल्या बैठकीत उपसमितीचं नाव बदलावं का यावर दीड तास चर्चा झाली. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त नामंजूर झालं. तिसऱ्या बैठकीत ठरलं, की प्रत्येक कार्यक्रमाची संहिता तीन दिवस आधी सलीलकडे द्यायची, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी मंडळाचं नाव घ्यायचं. श्रोता एक आहे आणि तो माझी आई आहे, हे मी दोनदा सांगून पाहिलं. "तत्त्वाचा प्रश्न आहे," सलील म्हणाला.

दुसरी चूक माझी एकट्याची. कश्मिराच्या खोलीतून हॉलपर्यंत आवाज पोचवायला मी ऑनलाइन एक छोटा ट्रान्समीटर मागवला. तो अडवला गेला. अशी वस्तू परवान्याशिवाय आणता येत नाही, आणि ते बरोबरच आहे; चौकशी न करता मागवणारा मी. अर्ज घेऊन मी एका कचेरीच्या खिडकीशी गेलो. तिथे हुस्ना नावाच्या बाई होत्या. अतिशय सभ्य. अर्जात 'प्रसारणाचा हेतू' या रकान्यात मी 'आई' असं लिहिलं होतं.

"मदर," त्या म्हणाल्या. "ही संस्था आहे का?"

"नाही. आई आहे."

"श्रोत्यांची संख्या एक. एक हजार?"

"एक."

त्यांनी संगणकात एक घातला. संगणकाने तो घेतला नाही. पुन्हा घातला. मग त्यांनी वरच्या मजल्यावर फोन केला आणि अरबीत बराच वेळ माझ्याबद्दल बोलल्या. त्यात 'मदर' हा शब्द तीनदा आला आणि तीनही वेळा पलीकडून शांतता आली. शेवटी त्यांनी मला खजूर दिला, आईला सलाम सांगितला आणि म्हणाल्या, "परवाना मिळणार नाही. पण तुम्ही चांगले मुलगे आहात." त्यांचं हिंदी जरा कच्चं होतं. चांगल्या मुलांचं अनेकवचन होऊन मी घरी आलो.

अखेर खोक्यात ब्लूटूथ स्पीकर बसवला, आणि कश्मिराची खोली झाली स्टुडिओ. आईच्या तिकिटाच्या मंगळवारआधीचा शुक्रवार उजाडला. बाहेर जूनची बेचाळीस डिग्री. मी सकाळीच ब्लेझर घातला, कारण संध्याकाळी सात वाजता बातम्या मी वाचणार होतो, आणि त्या काळी लंडनला बातम्या वाचणारे म्हणे पूर्ण पोशाखात माइकपुढे बसत. उल्का म्हणाली, "दिसणार कोणाला आहे?" हे तिने आईसमोर म्हणायला नको होतं.

आई खुर्चीत बसली. मी रेडिओचं पितळी बटण फिरवलं. बटण हातात आलं. ते खिशात टाकून मी म्हटलं, "आई, ऐक हं आता," आणि स्टुडिओत धावलो.

साडेसहाला सलीलचं मन प्रसन्न करणारं भाषण होतं. सलील सात वाजून दहा मिनिटांनी आला आणि 'वेळेचे नियोजन' या विषयावर चाळीस मिनिटं बोलला. चार मिनिटांची संहिता स्वतःकडेच मंजुरीला दिली होती त्याने, आणि तीसुद्धा नामंजूर केली असावी.

मग गुंडूची कवायत. तालीम गाजवलेला माणूस. मला त्याची काळजीच नव्हती. "हां," त्याने माइकमध्ये आवाज लावला, "आता हात असं घ्यायचं. आता पाय असं. आता दोन्ही मिळून... असं!" आणि खोलीत धाडकन उडी मारली. कपाटावरचा ग्लोब पडला.

"गुंडू, त्यांना दिसत नाहीये," मी कुजबुजलो. "शब्दांत सांग."

गुंडूने विचार केला. "म्हंजे बघा," तो म्हणाला, "हात हाय, तो असा असतोय न्हवं, तो तसा करायचा."

जहाजांसाठी हवामान कश्मिराकडे होतं. "झल्लाकच्या किनाऱ्यावर समुद्र शांत," ती छान वाचत होती, "कमाल तापमान... बाबा, फॉर्टी-टूला काय म्हणतात?" मी तोंडाने 'बेचाळीस' असं दाखवलं. "बेचैन," ती म्हणाली. तसं पाहिलं तर हवामानाचा तेवढाच अंदाज त्या दिवशी खरा ठरला.

दहाला उल्काची पाककृती होती, उकडीचे मोदक. तिने "आधी पीठ घ्यावं, मग त्यात पाणी..." एवढं म्हटलं आणि हॉलमधून आईचा आवाज आला, "पाणी आधी उकळतात!"

"हो आई, उकळलेलंच पाणी," उल्काने माइकमध्ये उत्तर दिलं.

"आणि मीठ?"

"घालतेय आई, एकदम सगळं कसं सांगू?"

"उल्का!" मी डोकं धरलं. "रेडिओ उत्तर देत नसतो!"

"मग तुम्ही या आणि तुमच्या आईसमोर मोदक सांगून दाखवा," उल्का म्हणाली. हेही प्रसारित झालं. दाराच्या फटीतून बघितलं तर आई भिंतीकडे बघत होती. हसतेय की कंटाळलीय, कळेना.

साडेअकराला कामगारांसाठी संगीत. आमच्या वरच्या मजल्यावर नुमानभाई राहतात, मूळचे हैदराबादचे, इथल्या सूकातल्या, म्हणजे बाजारातल्या, कापडाच्या दुकानात मॅनेजर. गळा गोड. त्यांना साथीचं संगीत स्वतःच्या मोबाइलवरून हवं होतं, म्हणून कश्मिराने त्यांचा मोबाइल स्पीकरला जोडून दिला. गाणं झालं, नुमानभाई स्वयंपाकघरात शिरा खायला आले. मोबाइल खिशात. आणि तो वाजला.

"हलो? हलो?" नुमानभाई मोबाइल कानाला लावून ओरडू लागले. "हौ, नाझिश, बोलो! कुछ सुनाई नै देरा!"

ऐकू येणार कसं? त्यांच्या बहिणीचा आवाज हैदराबादहून निघून थेट आमच्या हॉलमधल्या लाकडी रेडिओतून बाहेर पडत होता. आणि स्पीकरला माइकही असल्यामुळे नाझिशबाईंना ऐकू जात होती ती माझी आई.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आईने चिपळूणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटरचं काम केलंय. आवाज आला की तिची पाठ आपोआप ताठ होते.

"बोलिए," आई म्हणाली, "लाइन चालू है."

नुमानभाईंनी काही ऐकू येत नाही म्हणून मोबाइल तसाच खिशात टाकला होता, त्यामुळे हे मला उशिरा कळलं. मी स्टुडिओत वेळापत्रक हातात घेऊन बसलो होतो, काहीतरी बंद पडलंय म्हणून कश्मिरावर चिडत होतो. हॉलमध्ये गेलो तेव्हा वीस मिनिटं झाली होती. आई खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती. चेहरा उजळलेला. तीन महिन्यांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"...लडका अच्छा है अम्मा," रेडिओ रडवेल्या आवाजात सांगत होता, "पन छोरी बोलती, शादी नक्को, मेरेकू नर्सिंग करना है. नुमान भाई को पूछनेकू फोन करी मैं, तो आप मिल गए."

"उसका उमर क्या है?" आईने विचारलं.

"उन्नीस."

"अरे, तो पहले शिकने दो. लडका अच्छा है तो थांबेगा. नहीं थांबेगा तो अच्छा कैसा?"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? दार हळूच लोटून घेतलं असतं. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते, आणि बाराला शास्त्रीय संगीत होतं. कार्यक्रम कोलमडतोय, एवढंच मला दिसलं. मी खोक्याच्या मागे हात घातला आणि स्पीकर बंद केला.

नाझिशबाईंचा आवाज मधेच तुटला.

"कट कोणी केला?" आईने विचारलं.

"मी. आई, बाराचा कार्यक्रम..."

"ती रडत होती रे," आई म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकली.

नुमानभाईंनी नंतर फोन लावून दिला, पण नाझिशबाई लाजल्या. आपण कोणाशी बोलत होतो ते कळल्यावर त्यांनी फक्त सलाम सांगितला. शास्त्रीय संगीत झालं. घुबडांवरचं भाषण झालं. ते मीच लिहिलं होतं, उपसमितीतल्या एकाने वाचलं. आई मान कलवून बसली होती, नेहमीसारखी. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिलो. उल्का माझ्याकडे न बघता शिऱ्याचं पातेलं घासत राहिली. चोवीस वर्षांच्या संसारात तिने मला चूक दाखवली नाही असे प्रसंग दोनच, आणि दोन्ही वेळी चूक फार मोठी होती.

पण सातच्या बातम्या उरल्या होत्या. तिथे सगळं भरून काढू असं मी स्वतःला बजावत होतो, तेवढ्यात साडेतीनला साहेबांचा फोन आला. सीफच्या एका टॉवरमध्ये एसीच्या चिलरची पाइप फुटली होती, चौदाव्या मजल्यावर पाणी. "यल्ला, फास्ट," ते म्हणाले.

घाईत ब्लेझर काढायचा राहिला. तिथे पोचल्यावर साहेबांनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "इंटरव्ह्यू आहे का कुठे?" पुढचे तीन तास मी ब्लेझर घालून छताच्या पोकळीत झोपलो होतो. वरून बर्फासारखं पाणी, खालून घाम. व्हॉल्व्ह बसला तेव्हा सात वाजून गेले होते.

घरी पोचलो तर सगळे निघून गेले होते. सलील तेवढा बूट घालत होता. "काळजी करू नकोस," तो म्हणाला, "बातम्या मी वाचल्या. तुझी संहिता जरा भावनिक होती, म्हणून मंडळाच्या सूचना घेतल्या. ढोल पथकाची नावनोंदणी वगैरे."

तो गेला. मी ब्लेझर काढला, आईच्या समोर पाटावर बसलो. आई माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आलास? ओला आहेस."

"पाइप फुटली होती."

"हं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दिवसभर सगळे बोलले. सलील बोलला, गुंडू बोलला, तो घुबडवालासुद्धा बोलला. तुझा आवाज काही आला नाही."

"बातम्या मी वाचणार होतो."

"माहीत आहे. पंधरा दिवस बाथरूममध्ये तालीम करतोयस. मला वाटलं, निदान सातला तरी येशील."

मी खिशातून बातम्यांचा कागद काढला. त्याचा लगदा झाला होता, शाई पसरून निळं तळं. वाचण्यासारखं एक अक्षर उरलं नव्हतं. म्हणून मी आईला पाइपचं सांगितलं. चौदावा मजला, गालिच्यावर घोटाभर पाणी, तिथला मॅनेजर खुर्चीवर उभा राहून इंशाल्ला, इंशाल्ला म्हणत होता ते सांगितलं. साहेबांचा 'इंटरव्ह्यू' सांगितला. आई हसली. "मग?" ती म्हणाली. मी पुढचं सांगितलं. "मग?" मी कचेरीतल्या बाईंचं सांगितलं, खजुराचं सांगितलं. माझ्या गुडघ्याचं सांगितलं, जे उल्कालाही सांगितलं नव्हतं. विमानात जागा होती, मी खोटं बोललो, तेही सांगितलं. उल्काने मधे येऊन दोघांच्या हातात ताटं दिली. आणि सांगण्यासारखं सगळं संपल्यावर मी म्हटलं, "आई, जाऊ नकोस."

आईने ताट बाजूला सरकवलं.

"ही बातमी आहे का विनंती?"

"विनंती."

"मग ती मार्चमध्ये करायची," आई म्हणाली. "तीन महिने रोज संध्याकाळी मी या खुर्चीत बसून वाट बघत होते, हा आता इथे बसेल आणि काही बोलेल. तू यायचास, टीव्ही लावून द्यायचास, आणि आत जायचास." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाची समजूत काढता येते. "आता माझं मन तिकडे गेलंय, सदा. उगाच ओढू नकोस."

मंगळवारी तिला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला, पासपोर्ट झाला, उल्काने डब्याची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. आम्ही दोरीच्या अलीकडे थांबलो. आत वळायच्या आधी आईने त्या माणसाला थांबायला सांगितलं, मान वळवली, आणि हात वर करून एका खांबाला निरोप दिला. शांतपणे, मन लावून, त्या खांबाकडे बघत ती हात हलवत राहिली.

"आई!" मी ओरडलो. आजूबाजूची माणसं दचकली. "आई, मी इकडे!"

तिचा हात हवेत थांबला. मग तो हळूहळू वळला, आणि थेट माझ्या दिशेला येऊन हलू लागला.